भिंतीच्या अलीकडची वाफ

मी केमिकल प्लांटच्या युटिलिटीत, म्हणजे वाफ, पाणी, हवा पुरवणाऱ्या विभागात, 18 वर्षं काढली. बॉयलर, कूलिंग टॉवर, कॉम्प्रेसर, हेच माझं जग. प्लांटच्या मागच्या भिंतीजवळ एक व्हेंट, म्हणजे हवेत उघडणारा पाइप, होता. त्यातून लो प्रेशरची जास्तीची वाफ दिवसरात्र हवेत जायची. त्याचा फुस्स आवाज इतका अंगवळणी पडला होता, की नाइट शिफ्टला तो थांबला तर आम्ही दचकून पॅनलकडे बघायचो. भिंतीच्या पलीकडे दुसऱ्या कंपनीचा प्लांट. त्यांचा छोटा बॉयलर फर्नेस ऑइलवर चालायचा, आणि त्यांना वाफ लागायची ती नेमकी आमच्याच प्रेशरची. मधलं अंतर सत्तर-ऐंशी मीटर.

आमची वाफ त्यांना द्यायला लाइन टाकायचा विषय निघाला. पहिल्या मीटिंगला सगळे खूश. दुसरीत प्रश्न आला, आमचा प्लांट ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, तर त्यांची बिघडलेली बॅच कोण भरून देणार? तिसरीत आम्ही विचारलं, कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं झालेलं पाणी, परत येताना त्यात तुमचा माल मिसळून आला आणि आमच्या बॉयलरच्या ट्यूब गेल्या तर? चौथीला दोन्हीकडचे वकील बसले. पाचवी झालीच नाही. कुणाची नियत वाईट नव्हती. प्रश्नही सगळे रास्त होते. पण त्यांची उत्तरं द्यायला दोन्ही कंपन्यांपलीकडचं तिसरं कुणी खोलीत नव्हतं. वाफ जात राहिली, पलीकडे तेल जळत राहिलं.

केमिकल इंडस्ट्रीच्या कार्बनबद्दल बोलताना आपण एकेका कंपनीला धरून विचारतो, तू किती कमी केलास? मला हा प्रश्नच अपुरा वाटतो. कंपनीने कुंपणाच्या आत जे करायचं ते करावंच. पण खरी मोठी बचत दोन कुंपणांच्या मधल्या जागेत पडून आहे, आणि त्या जागेला कुणी वाली नाही.

या धंद्याची अडचणही जगावेगळी आहे. तेल आणि गॅस हे आमचं इंधन तर आहेच, पण कच्चा मालही तोच. अमोनियासाठी लागणारा हायड्रोजन बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूतून काढतात, आणि एक टन अमोनियामागे साधारण 2 टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आता नाफ्था क्रॅकर बघा, म्हणजे तेलातून निघणारा नाफ्था उष्णतेने फोडून इथिलीनसारखा प्लास्टिकचा कच्चा माल काढणारा प्लांट. 850 अंशांच्या आसपास तापमान लागतं, आणि भट्टी पेटवायला क्रॅकिंगमध्येच निघालेला मिथेन वापरतात. उद्या ही भट्टी विजेवर नेली, तर तो मिथेन हातात उरतो. तो दुसरीकडे कुठे जाळला तर आपण काय मिळवलं? त्याचं काहीतरी उपयोगी करणारा प्लांट शेजारी हवा, आणि वीजही तेवढी हवी. जर्मनीत लुडविग्सहाफेनला 2024 मध्ये विजेवरच्या क्रॅकर भट्ट्यांचं प्रात्यक्षिक युनिट सुरू झालं. दोन भट्ट्या, तासाला साधारण 4 टन माल, वीज 6 मेगावॉट. मोठा क्रॅकर वर्षाला दहा-दहा लाख टन इथिलीन काढतो. म्हणजे वीज किती लागेल याचा अंदाज करा. एवढी वीज, तीही स्वच्छ, दारापर्यंत आणणं एका कंपनीच्या आवाक्यातलं नाही. ते त्या सबंध औद्योगिक पट्ट्याचं काम आहे.

असं काम जमतं, याचा पुरावा डेन्मार्कमधल्या कालुंडबोर्गला आहे. हे गाव मला फार आवडतं, कारण तिथे कुणी भव्य योजना आखून सुरुवात केली नाही. 1961 मध्ये रिफायनरीला पाणी हवं होतं, जमिनीखालचं पाणी बेताचं होतं, म्हणून जवळच्या तळ्यातून पाइप टाकला. 1972 मध्ये रिफायनरीचा जास्तीचा गॅस प्लास्टरबोर्डच्या कारखान्याला जायला लागला. 1982 पासून वीज केंद्राची वाफ रिफायनरीला आणि औषध कारखान्याला. पुढे वीज केंद्राच्या धुरातलं सल्फर पकडताना तयार होणारा जिप्सम त्याच बोर्ड कारखान्यात. प्रत्येक जोडणी दोघांच्या स्वतंत्र व्यवहारातून झाली. माणसं एकमेकांना ओळखत होती, नगरपालिकाही यात सामील होती. आमच्या चार मीटिंगमध्ये नेमकी हीच माणसं कमी पडली, असं मला आजही वाटतं.

पण सगळीकडे पन्नास वर्षं वाट बघायला आता वेळ नाही. म्हणून दुसरं उदाहरण अँटवर्प, रॉटरडॅम आणि ऱ्हाइन-रूर पट्ट्याचं. तीन देशांत पसरलेला हा युरोपातला रसायन उद्योगाचा बलाढ्य भाग. अँटवर्पपासून कोलोन आणि रूरपर्यंत सुमारे 500 किलोमीटरची इथिलीनची पाइपलाइन इथे पन्नास वर्षांहून जास्त काळ चालू आहे, आणि तिची मालकी बाजारात एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांकडे एकत्र आहे. 2017 मध्ये बेल्जियममधला फ्लँडर्स, नेदरलँड्स आणि जर्मनीतलं नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्य यांनी मिळून रसायन उद्योगासाठी त्रिपक्षीय धोरण आणलं. 2018 च्या उन्हाळ्यानंतर ऱ्हाइन नदी इतकी आटली, की मालवाहू बार्ज अर्ध्यामुर्ध्या भरून न्याव्या लागल्या. बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीला त्या वर्षी याचा फटका सुमारे 25 कोटी युरोंचा बसला. नदी कुणा एका कंपनीची नसते आणि हवाही नसते, हे तिथल्या लोकांना त्या वर्षी ताळेबंदात दिसलं.

सरकारं एकत्र न बसली तर काय होतं तेही सांगतो. पकडलेला कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखाली पुरायला दुसऱ्या देशात पाठवणं लंडन प्रोटोकॉलमुळे, म्हणजे समुद्रात कचरा टाकण्यावरच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे, अडलं होतं. 2009 मध्ये दुरुस्ती मंजूर झाली, पण पुरेशा देशांनी ती स्वीकारलीच नाही. शेवटी 2019 मध्ये, ज्यांना हवी त्यांनी ती तात्पुरती लागू करावी, अशी वाट काढली गेली. तंत्रज्ञान तयार आणि घोडं अडलेलं कागदावर, तेही दहा वर्षं! गॅस पुरणं हा कायमचा इलाज आहे असं मी मानत नाही. पण जिथे दुसरा मार्ग आज नाही, तिथे हा तरी मोकळा हवा.

आता माझ्या काळजीचा मुद्दा. हे सामायिक पाइप, हायड्रोजनचे असोत की कार्बन डायऑक्साइडचे, बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या सोयीने आखले जातात. तळं राखील तो पाणी चाखील, हे इथे चालू देता कामा नये. पट्ट्यातल्या लहान युनिटकडे ना पैसा, ना वकील, ना मंत्रालयात ओळख. पण कालबाह्य बॉयलर त्यांच्याकडेच जास्त असतात. पाइपला सरकारी पैसा किंवा सरकारी जमीन लागली असेल, तर ठरलेल्या दरात जोडणी मिळण्याचा हक्क लहान युनिटलाही हवा. ट्रिप झाल्यावर नुकसान कोण सोसणार, याची सामायिक तरतूदही आधीच लिहिलेली हवी. आमची वाफ त्या एका ओळीवाचून अडली होती.

युटिलिटीतला कुणीही सांगेल, लाइन टाकतानाच जागोजागी टी (फाटा काढायचा तीन तोंडांचा जोड) आणि व्हॉल्व बसवून ब्लाइंड फ्लँज (तोंड बंद करणारी चकती) लावून ठेवतात. नंतर चालू लाइनला भोक पाडून जोड घेणं महागही पडतं आणि जिवावरचंही असतं. म्हणून पट्ट्यात असा पाइप येणार असेल, तर नकाशा मागवा आणि लहान युनिटच्या दारासमोर टी आहे का ते आत्ताच बघा.