वचनाप्रमाणे चाला, शिलाई बुडवा

बायबलमधलं शहाणपण रोजच्या जगण्यात कसं उतरवायचं, हे मला आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका काकांकडून नुकतंच शिकायला मिळालं. मी जालन्यात शिलाईचं दुकान चालवतो. शिकवणी फुकटात झाली, तुम्हालाही फुकटातच देतो.

बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकाचे 31 अध्याय, म्हणजे तारखेला एक. 3 तारखेला तिसरा काढा. पाचवं-सहावं वचन, मनापासून परमेश्वरावर भाव ठेवण्याचं, पिवळ्या हायलायटरनं रंगवून स्टेटसला लावा. कोठारं भरण्याचं दहावं वचन मोठ्यानं वाचा. सव्विसाव्याला बायबल मिटा. पुढची दोन वाचायची नसतात.

27 तारखेला चौदावं वचन गाळा. पहाटे उठून मोठ्यानं शेजाऱ्याला आशीर्वाद दिला तर तो शाप धरला जातो, असं तिथं आहे. मग पाच वाजता ग्रुपवर गुलाबाची फुलं कोण पाठवणार?

यिर्मया 29:11, देव तुमच्या भल्याचाच विचार करतो हे वचन, फ्रेम करून हॉलमध्ये लावा. त्याआधीच्या दहाव्या वचनातली बाबेलच्या बंदिवासाची 70 वर्षं फ्रेमीत मावत नाहीत.

गच्चीला कठडा बांधा, असं अनुवाद नावाच्या पुस्तकातलं 22:8 सांगतं. विटा महाग झाल्यात, सोडून द्या.

आता नाताळ. संडेस्कूलच्या नाटकाचे कपडे टेलरकडं ऐनवेळी टाकावेत, तेही तो मंडळीतलाच बघून. मेंढपाळांचे अंगरखे, देवदूतांचे पांढऱ्या सॅटिनचे झगे, बाळ येशूला भेटायला आलेल्या तिघा मागींचे, म्हणजे ज्ञानी लोकांचे, पायघोळ (शुभवर्तमानात मत्तयानं तीन कुठंच म्हटलेलं नाही, पण मापं तीनच आली). सॅटिन मशीनखाली सरकतं, त्यामुळं सगळ्या घेराला आधी हातानं कच्ची टीप घालावी लागते. ती टेलर रात्री जागून घालतो. नाटक झकास होतं. मागी सोनं, ऊद, गंधरस ठेवतात, फोटो निघतात. मग टेलरनं शिलाई मागितली की त्याच्या खांद्यावर हात ठेवावा, "बेटा, ही प्रभूची सेवा." परत आला तर "उद्या ये." उद्या आला तर "कमिटीची मिटिंग होऊ दे." मंडपवाल्याचे दिले. साउंडवाल्याचे दिले. केटरर तर आगाऊ घेऊन गेला. ते मंडळीतले नाहीत ना, त्यांना सेवा कशी सांगणार! टेलर चिडलाच तर शेवटचं औषध, "प्रभू तुला शंभरपट देईल." अहो, शंभरपट कुणी मागितलंय? एकपट द्या. दोऱ्याची रिळं, अस्तर, हुक सगळं उधारीवर आणलंय, आणि तो दुकानदार शंभरपटीच्या वायद्यावर थांबत नाही.

आणि हेच काका रविवारी चर्चमध्ये पुढं उभं राहून विश्वासाची साक्ष देतात. डोळ्यांत पाणी आणून!

काका, नीतिसूत्रांच्या त्याच तिसऱ्या अध्यायातलं 28वं वचन काढा. जवळ असताना शेजाऱ्याला "जा, उद्या ये, मग देतो" म्हणू नको. शब्दसुद्धा तुमचेच आहेत. लेवीय 19:13 मजुराची मजुरी सकाळपर्यंत घरात ठेवू देत नाही. अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, असं याकोब आपल्या पत्रात लिहितो. प्रेषित पौल स्वतः तंबूचं काम करून पोट भरायचा. येशूला तर गावानं सुतार म्हणूनच ओळखलं होतं. त्यालाही तुम्ही सेवाच सांगितली असती.

आपल्यातल्या कितीतरी जणांचे आजे-पणजे सालगडी होते. मालकाच्या वाड्याच्या पायरीखाली उभं राहून त्यांनी हेच "उद्या ये" ऐकलं. आता त्यांचीच नातवंडं पायरीवर चढून बसलीत आणि मालकाचीच भाषा बोलतायत, वर त्याला वचनाची झालर. जरा तरी लाज वाटू द्या.

शिलाई द्या. आणि ईस्टरसाठी पाठवलेले ब्लाऊजपीस घेऊन जा. कात्री लावलेली नाही, लावणारही नाही.