बटण रूझवेल्टनी दाबलं, पण दिवे आधीच लागले होते

बेसबॉलच्या चाहत्यांत एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. "24 मे 1935 ला सिनसिनाटीत पहिला रात्रीचा बेसबॉल सामना झाला. अध्यक्ष रूझवेल्टनी व्हाइट हाउसमधून बटण दाबलं आणि मैदान उजळलं. मोठ्या संघांनी वाट दाखवली आणि छोट्या गावांचे संघ मागून गेले." तीन वाक्यं आहेत. त्यातलं मधलं खरं आहे.

आधी "पहिला" घेऊ. त्या रात्री सिनसिनाटी रेड्सनी फिलाडेल्फियाला 2-1 हरवलं, हे बरोबर. पण तो मेजर लीगमधला, म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या स्तरावरच्या संघांतला, पहिला रात्रीचा सामना होता. त्याच्या पाच वर्षं आधी, 28 एप्रिल 1930 ला, कॅन्सस राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातल्या इंडिपेंडन्स गावात मायनर लीगचा, म्हणजे त्याखालच्या स्तरावरच्या व्यावसायिक संघांचा, अधिकृत, गुणतक्त्यात धरला जाणारा सामना दिव्यांखाली झाला होता. (अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन ज्या इंडिपेंडन्सचे, ते मिसुरीतलं. हे वेगळं.) वस्ती जेमतेम बारा-तेरा हजार. आसपास तेलविहिरी, म्हणून संघाचं नाव 'प्रोड्युसर्स'. मायनर लीगची प्रतवारी तेव्हा इंग्रजी अक्षरांत होती आणि हा संघ ज्या वेस्टर्न असोसिएशनमध्ये खेळायचा ती 'सी' वर्गातली, म्हणजे खालून दुसरी पायरी. पाहुणा संघ ओक्लाहोमातल्या मस्कोगीचा. यजमान 13-3 असे सपाटून हरले. इतिहास घडवणाऱ्यांनी निदान सामना तरी जिंकायचा!

आता "मोठ्यांनी वाट दाखवली". इथे तर गाडीच उलटी जोडली आहे. 1929 च्या ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार कोसळला आणि तिकिटाच्या पैशांवर जगणाऱ्या छोट्या संघांचे हाल सुरू झाले. सामने दुपारी व्हायचे. ज्या गावात माणसं तेलविहिरीवर, दुकानात नाहीतर शेतात राबतात, तिथे कामाच्या दिवशी दुपारी तीनला कोण येणार? दिवे लावले तर तीच माणसं जेवून, बायकापोरांना घेऊन येतील, शिवाय उन्हाचा तावही उतरलेला असेल. मालकांना काही नवं करायची हौस नव्हती, धंदा बुडत होता. मोठ्या शहरांतले संघमालक त्या वेळी हा प्रकार सर्कशीतला समजत होते. सिनसिनाटीत दिवे आणणारे लॅरी मॅकफेल आधी कोलंबसचा मायनर लीग संघ चालवत होते आणि तिथे त्यांनी दिव्यांखालचा बेसबॉल चालवून पाहिला होता. वाट कोणी कोणाला दाखवली, ते यावरून ठरवा. त्यांनी लीगकडे परवानगी मागितली, तेव्हा मोसमात फक्त सात रात्री मिळाल्या, म्हणजे प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी एक. मेजर लीगच्या दुसऱ्या अर्ध्या भागात, अमेरिकन लीगमध्ये, पहिला रात्रीचा सामना व्हायला 1939 साल उजाडलं. शिकागोच्या रिग्ली फील्डवर तर दिवे लागले थेट 1988 मध्ये.

यावर जाणकार मंडळी म्हणतात, "मग पहिला मान डे मॉइनचा." आयोवातल्या डे मॉइन संघाचे मालक ली कायझर यांनी रात्रीच्या सामन्याची घोषणा आधी केली होती, हे खरंच. त्यांच्या सामन्याला बारा हजारांच्या आसपास गर्दी झाली, रेडिओवरून वर्णन देशभर गेलं. पण तो दिवस होता 2 मे 1930. इंडिपेंडन्सवाल्यांनी चार दिवस आधीच बाजी मारली, तीही हजारेक प्रेक्षकांसमोर. एका गावाला तारीख मिळाली, दुसऱ्याला रेडिओ. लोकांच्या लक्षात काय राहिलं, ते सांगायला नकोच.

मात्र इंडिपेंडन्सच्या अभिमान्यांनाही थोडं थांबवायला हवं, कारण "जगातला पहिला रात्रीचा सामना" हे त्यांचंही चालणार नाही. 1880 च्या सप्टेंबरमध्ये मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर, नँटास्केट इथे, बॉस्टनच्या दोन मोठ्या दुकानांतले नोकर विजेच्या दिव्यांखाली खेळले होते. 16-16 अशी बरोबरी झाली. 1883 मध्ये इंडियानातल्या फोर्ट वेनला क्विन्सीचा व्यावसायिक संघ कॉलेजच्या पोरांशी रात्री खेळला. दोन्ही ठिकाणी खरा हेतू दिवे विकायचा होता, बेसबॉल निमित्तमात्र. आपल्याकडे गल्लीतली नाईट टूर्नामेंट खेळलेल्यांना ठाऊक असेल: उंच उडालेला चेंडू दिव्यांच्या वर गेला की गायब. तेव्हाच्या दिव्यांत तर काय दिसत असेल!

म्हणून इंडिपेंडन्सचा दावा नीट मांडायचा तर "संघटित बेसबॉलमधला (म्हणजे मेजर आणि मायनर लीगच्या यंत्रणेतला) पहिला अधिकृत रात्रीचा सामना" असा. आणि या "संघटित" शब्दाशीही मी जरा अडखळतो. त्याच 28 एप्रिलला ओक्लाहोमातल्या ईनिडमध्ये कॅन्सस सिटी मोनार्क्स हा कृष्णवर्णीयांचा व्यावसायिक संघ एका विद्यापीठाच्या संघाशी दिव्यांखाली खेळत होता. त्यांचे मालक जे. एल. विल्किन्सन यांनी खांब आणि दिवे ट्रकवर चढवले होते, सोबत धडधडणारा जनरेटर. गावोगाव जायचं, खांब उभे करायचे, खेळायचं आणि पुढचं गाव गाठायचं. हा सामना "संघटित" यादीत नाही, कारण ती यादी गोऱ्यांच्या लीगची होती. त्या रात्री 13-3 हरलेल्या प्रोड्युसर्सच्या संघात ईनिडला खेळणाऱ्या मोनार्क्सपैकी एकालाही जागा मिळाली नसती.