चवथीनंतर या

इंग्रजी अध्यापनात एम.ए.चा लघुप्रबंध लिहायचा म्हटलं की पहिल्यांदा सुचणारा विषय ठरलेला: ‘गोव्यातील विद्यार्थ्यांच्या इंग्रजीच्या समस्या’. पेडण्यापासून काणकोणापर्यंत पसरलेला हा विषय मार्गदर्शक कापत जातात. आधी एक तालुका, मग आठवी, मग आठवीचं फक्त लेखन, शेवटी लेखनातले भूतकाळी प्रश्न. ‘डिड यू वेन्ट’ एवढ्यावर पानं कशी भरणार, अशी धास्ती वाटते. भरतात हो.

पूर्वसंशोधनाच्या प्रकरणात विषय कोणताही असो, एन. एस. प्रभूंचा 1979 ते 1984चा बंगळूर प्रकल्प (व्याकरणाऐवजी कामं देऊन इंग्रजी शिकवण्याचा) आणि क्राशेनचा अफेक्टिव्ह फिल्टर (भीती-संकोच भाषा आत शिरू देत नाहीत, हा सिद्धान्त) हजेरी लावून जातातच. हरकत नाही. फक्त वाचतानाच लेखक, वर्ष, पान झोटेरोत, म्हणजे संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकावं. नंतर ‘हे नेमकं कोण म्हणालं होतं’ शोधण्यात रात्री जातात.

खरा खेळ शाळेत, आणि तिथली संशोधनपद्धती भिंतीवरचं कॅलेंडर ठरवतं. जूनमध्ये शाळेची घडी बसायची असते. जुलैत युनिट टेस्ट. ऑगस्टमध्ये हेडमास्तर प्रेमानं सांगतात, ‘टीचर, चवथीनंतर या.’ चवथ म्हणजे गणेश चतुर्थी. ती उरकली की सहामाही, दिवाळीची सुट्टी, स्नेहसंमेलनाच्या तालमी, नाताळ. 12 तासिकांच्या प्रयोगाला सलग तीन आठवडे हवेत, ते या गर्दीतून हुडकून काढायचे. प्री-टेस्ट चवथीआधी आणि पोस्ट-टेस्ट चवथीनंतर असं मात्र कदापि करू नये. मध्ये माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची आरास), आरत्या, फुगड्या येतात, पोस्ट-टेस्टचे गुण खाली घसरतात आणि आपल्या पद्धतीनं मुलं होतं ते इंग्रजीही विसरतात, हे आकड्यांनिशी सिद्ध होतं.

गट पाडणं ही त्याहून मोठी भानगड. चिठ्ठ्या टाकून मुलं वाटायला शाळा देत नाही. ‘अ’ तुकडी प्रयोगाची, ‘ब’ तुलनेची. म्हणून पद्धतीच्या प्रकरणात ‘क्वासी-एक्सपेरिमेंटल’ (चिठ्ठ्यांविना, तयार गटांवरचा प्रयोग) लिहायला विसरू नये, परीक्षक त्यावरच टपलेले असतात. पण ‘अ’ आणि ‘ब’ एकाच बसनं घरी जातात, एकाच सरांच्या ट्युशनला बसतात. सोमवारी ‘अ’ला दिलेली वर्कशीट मंगळवारी झेरॉक्स होऊन ‘ब’च्या दप्तरात. दोन्ही तुकड्या सारख्याच सुधारतात (शिक्षक म्हणून आनंद, संशोधक म्हणून सुतक) आणि टी-टेस्टचा पी काही 0.05च्या खाली उतरत नाही, म्हणजे दोन तुकड्यांतला फरक योगायोगाचा नाही असं म्हणता येत नाही. तुलनेची तुकडी दुसऱ्या गावातल्या शाळेची घ्यावी, हा उपाय. मग शिक्षक वेगळे, हा नवा आक्षेप येतो. तो ‘मर्यादा’ या सदरात घालून मोकळं व्हावं. माझ्या मते त्या सदराचा जन्मच त्यासाठी आहे.

मुलाखती पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली घेऊ नयेत. तासभराचं रेकॉर्डिंग उतरवायला एरवीच 4 ते 6 तास जातात. पत्र्यावर सर कोसळली तर फक्त सरच ऐकू येते. शिवाय टीचर खरं बोलतात ते रेकॉर्डर बंद झाल्यावर: ‘पोर्शन संपवायचा की ते तुमचं कम्युनिकेटिव्ह (मुलांना बोलतं करून शिकवणं) करायचं?’ हे सोनं वहीत टिपावं, वापरण्याआधी त्यांना विचारावं.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018च्या वाङ्मयचौर्याविरुद्धच्या नियमांनुसार दुसऱ्यांच्या लेखनाशी साम्य 10 टक्क्यांपर्यंत माफ. 10 ते 40मध्ये अडकलात तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. उताऱ्यांपेक्षा घात करतात ती ‘इंग्रजी ही जागतिक भाषा आहे’ छापाची वाक्यं. ती गाळली की पहिलं प्रकरण निम्मं होतं आणि दुप्पट बरं.

बाइंडिंगला देण्याआधी फक्त मुलांची संख्या पाहावी. पद्धतीत 62 आणि तक्त्यात 58 असली, तर व्हायव्हाची सुरुवात तिथूनच होते. उरलेली चार पोस्ट-टेस्टच्या दिवशी गावच्या जत्रेला गेली होती, एवढं एक वाक्य तक्त्याखाली लिहून टाकावं. गोव्यातला परीक्षक त्यापुढे काही विचारत नाही.