तुमच्याकडे चालत असेल

गेल्या आठवड्यात शाळेच्या ग्रुपवर वाद झाला तो अजून डोक्यातून जात नाहीये. आमच्यातल्या एकाची मुरबाडकडे जमीन आहे, नुसती पडून. त्याने सहज विचारलं, पावसाळा संपला की तिथे दोन दिवसांचा रॉक-मेटलचा फेस्टिव्हल केला तर? झालं. गाव बिघडेल, पोरं दारू पिऊन पडतील, आपल्या मातीतलं नाही ते, एकामागून एक सुरू. मी वाकनबद्दल, म्हणजे जर्मनीतल्या एका खेड्यात दरवर्षी होणाऱ्या मेटल फेस्टिव्हलबद्दल, चांगलं सविस्तर लिहिलं, फोटो टाकले, तर ज्याच्याकडून अजिबात अपेक्षा नव्हती त्या माझ्या डोंबिवलीच्या सगळ्यात जुन्या मित्राने एका ओळीत उत्तर दिलं, "तुमच्याकडे चालत असेल."

तुमच्याकडे म्हणजे काय? मी हॅम्बुर्गला राहतो, मान्य, एकोणीस वर्षं झाली. पण वाकन काय हॅम्बुर्ग नाही. श्लेस्विग-होल्स्टाइनमधलं दोनेक हजार वस्तीचं खेडं आहे ते, सगळीकडे मका नि गाई, इत्सेहो स्टेशनला उतरून पुढे बस पकडायची. १९९० साली तिथल्या थोमास येन्सन आणि होल्गर ह्युबनर या दोन पोरांनी गावाबाहेरच्या रेतीच्या खाणीच्या खड्ड्यात पहिला फेस्टिव्हल केला. सहा बँड, सहाच्या सहा जर्मन, त्यातल्या स्कायलाइनमध्ये येन्सन स्वतः बास वाजवायचा. तिकीट १२ मार्क (तेव्हाचं जर्मन चलन) आणि माणसं आली आठशेच्या आसपास. एवढी तर आपल्याकडे लग्नाला असतात. दोन वर्षांनी सॅक्सन हा इंग्लंडचा बँड आला, बाहेरच्या देशातले बँड यायला लागले, मधल्या काही वर्षांत जबर नुकसान झालं, कर्ज झालं, तरी यांनी सोडलं नाही. आज तिथे ८५ हजार तिकिटं जातात आणि एकाची किंमत तीनशे युरोच्या वर आहे, जी मलाही जड जाते पण मी काढतो.

मातीतलं नाही म्हणणाऱ्यांना मला एवढंच सांगायचंय की १९९० साली ते वाकनच्याही मातीतलं नव्हतं. डिस्टॉर्शन लावलेलं गिटार काय तिथल्या मक्याबरोबर उगवलं होतं का? गावाने ते आपलं केलं. कसं केलं ते बघायला जावं लागतं. गावच्या अग्निशमन दलाचा बँड आहे, वाकन फायरफायटर्स, म्हणजे फुंकायची पितळी वाद्यं, ढोल, अंगावर युनिफॉर्म, वाजवणारे त्याच गावातले लोक, कितीतरी वर्षं फेस्टिव्हलची सुरुवात त्यांच्या वाजवण्याने होते आणि समोर काळे टीशर्ट घातलेली हजारो माणसं त्यांच्या पोल्का नाचाच्या धूनवर उड्या मारतात. ज्यांची शेतं आहेत ते भाड्याने देतात. मेन रोडवर एक आजी आहेत, त्या गॅरेजचं शटर वर करून सकाळी सहापासून कॉफी नि ब्र्योट्शन, म्हणजे छोटे पाव, विकतात. एका वर्षी माझे बूट चिखलाने इतके भरलेले की मी दाराशीच थांबलो, तर त्यांनी काही न बोलता जुना टॉवेल खाली टाकला आणि आधी बूट काढून पाय पुसायला लावले, मगच कॉफी दिली. त्यांचा नातू रिकाम्या बाटल्या गाडीत भरून फांडला, म्हणजे दुकानात परत देऊन अनामत घ्यायला, निघाला होता, त्याच्याही अंगावर फेस्टिव्हलच्या बैलाच्या कवटीचा लोगोवाला टीशर्ट, गुडघ्यापर्यंत आलेला. ही जत्राच आहे हो. आपल्याला जत्रा समजत नाही असं कोणी मला सांगू नये.

आणि आवाजाचं म्हणाल तर ज्या देशात रविवारी भिंतीत ड्रिल मारलं की खालचा शेजारी पाचव्या मिनिटाला दारात उभा असतो, त्या देशातलं एक गाव वर्षातले ते चार-पाच दिवस सोसतं, कारण तारखा आधीपासून माहीत असतात आणि पैसा गावातही येतो. आपल्याकडे कायदा आड येतो म्हणावं तर तसंही नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री दहानंतर स्पीकर बंद, पण राज्य सरकार वर्षातले १५ दिवस सांस्कृतिक किंवा धार्मिक सणासमारंभांसाठी रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं. सांस्कृतिक हा शब्द त्या नियमातच आहे. मग ते दिवस कशाकशाला मिळतात ते सगळ्यांना दिसतंय, मी कशाला बोलू. ढोलताशा मलाही आवडतो, इथे तर त्याच्या आठवणीने जीव कासावीस होतो. पण ते आपलं आणि हे परकं, असं कोणी ठरवलं?

कारण आपल्याकडे हे होतं. वाकनच्या आधीपासून होतं! मुंबईचा इंडिपेंडन्स रॉक फेस्टिव्हल १९८६ ला सुरू झाला, म्हणजे चार वर्षं आधी, फरहाद वाडियांनी केलेला, आणि आमच्यासाठी आय-रॉक म्हणजे धोबीतलावचं रंगभवन. उघडं थिएटर, डोक्यावर आकाश. १९७८ ला पहिली जॅझ यात्रा, म्हणजे जॅझ संगीताचा महोत्सव, झाली तीही तिथेच. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो, डोंबिवलीहून फास्ट पकडून सीएसटी, तिथून चालत, फॅशन स्ट्रीटवरून घेतलेला टीशर्ट जो पहिल्याच धुण्यात करडा झाला. आत शिरल्यावर पायाखालची जमीन बासने थरथरत होती ते मला तळपायांत अजून आठवतं. शेजारी हॉस्पिटल, कॉलेज, त्यामुळे पुढे ती जागा शांतता क्षेत्रात गेली आणि रंगभवनमधले कार्यक्रम बंद पडले. हॉस्पिटलचा प्रश्न खरा होता, मी नाही म्हणत नाही. पण एक जागा गेली तर दुसरी देऊ, असं कोणाला वाटलं नाही. फेस्टिव्हल अंधेरीकडे गेला, मग मध्येच काही वर्षं थांबला, २०२२ ला परत झाला. वाकन एकाच गावात राहिलं, आमचा फेस्टिव्हल जागा शोधत फिरला. एवढाच फरक आहे, आणि तो माझ्या जिवाला लागतो.

२०१९ ला वाकनला ब्लडीवूड आले, दिल्लीचा बँड, मेटलमध्ये ढोल वाजवणारे. पहिला ढोल पडला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारचा दाढीवाला जर्मन माणूस माझ्याकडे बघून ओरडला, तुमच्याकडचं ना हे? मी छाती फुगवून हो म्हणालो. तो पंजाबी ढोल, मी डोंबिवलीचा, पण तिथे तो माझाच होता. म्हणजे वाकनमध्येही माझं तुमच्याकडे आणि शाळेच्या ग्रुपवरही तुमच्याकडे.

आता जे ग्रुपवर लिहिलं नाही ते लिहितो. मला रंगभवनला पहिल्यांदा घेऊन गेला तो हाच मित्र. तिकिटाचे पैसे त्याने भरले होते. रंगभवन बंद झालं तेव्हा तो चिडून मला सारखे फोन करत होता, काहीतरी करू, सह्या गोळा करू, आणि मी बाहेर जायच्या परीक्षेची पुस्तकं घेऊन बसलो होतो, बघू म्हणालो, आणि पुढे निघून गेलो. एकही सही केली नाही. तो तिथेच राहिला. आज त्याच्या खिडकीसमोरच्या मैदानावर वर्षभर कुठला ना कुठला मंडप असतो, स्पीकरची भिंत असते, काच हादरते, मुलगी यंदा दहावीला आहे, आणि पोलिसांना फोन करून तो थकलाय. हे त्याने मला दिवाळीत सांगितलं होतं. मी ऐकलं होतं आणि विसरलो होतो, आणि परवा त्याच माणसाला शेतातल्या फेस्टिव्हलचे फोटो पाठवून आवाज कसा सोसावा ते शिकवत होतो.

तरी मुरबाडच्या बाबतीत माझं म्हणणं मी मागे घेत नाही. ती जमीन वस्तीपासून लांब आहे, तिथे कोणाची खिडकी नाही, आणि गावाला आधी विचारून, गावच्या पोरांना हाताशी घेऊन, गावच्याच बँडबाजाने सुरुवात करून छोटं काहीतरी करता येईल, आठशे माणसांचं. पैसे लागले तर मी देईन. पण परवानगीसाठी तहसीलच्या चकरा कोण मारणार असं त्या मित्राने विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. ग्रुपवर मी अजून काही लिहिलेलं नाही. काल रात्री त्याला सरळ फोन केला, तिकडे साडेअकरा वाजले होते, त्याने उचलला, आणि मी काही बोलायच्या आधीच म्हणाला, "थांब, खिडकी लावून घेतो."