‘हलकं आहे, पर्समध्ये मावतं’ एवढ्यावर मुलीसाठी रिव्हॉल्वर घेऊ नका

परवा माझ्या मामेभावाने, दादाने, एक मेसेज पाठवला. तुमच्याकडेही आलाच असेल, कारण कुठे काही भयंकर घडलं की तो पुन्हा फिरायला लागतो. त्यातलं म्हणणं असं: सरकारने खास महिलांसाठी ‘निर्भीक’ नावाचं अर्ध्या किलोचं रिव्हॉल्वर काढलंय, हलकं असल्यामुळे चालवायला सोपं, पर्समध्ये मावतं, अडकत नाही, बिघडत नाही, मुलींना परवाना लगेच मिळतो, नुसतं दाखवलं तरी समोरचा पळतो, आणि गोळी झाडलीच, तर स्वसंरक्षणात सगळं माफ. खाली दादाने लिहिलं होतं, “मनूसाठी घ्यायचं म्हणतोय. तू यातली आहेस, सांग.”

मी चौदा वर्षं नेमबाजी शिकवते आणि शिकायला येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुली असतात. म्हणून दादाला जे सांगितलं, ते सगळ्यांसाठी लिहिते.

निर्भीक खरंच आहे. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर, जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या ऑर्डनन्स कारखान्याने ते बाजारात आणलं. .३२ बोर (नळीचं माप), सहा गोळ्या, टायटॅनियमचा मिश्रधातू, वजन सुमारे ५०० ग्रॅम, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. मेसेजमधलं एवढं बरोबर आहे.

“हलकं, म्हणून सोपं.” सगळ्यात जास्त नुकसान हे वाक्य करतं. शस्त्र जितकं हलकं, तितका गोळी सुटतानाचा धक्का हाताला जास्त बसतो. तोच धक्का जड लोखंड स्वतःत जिरवतं. आपल्याकडे .३८ आणि ९ मिमी सामान्य नागरिकाला मिळत नाहीत, म्हणून .३२ घ्यावं लागतं. ते काडतूस मुळात सौम्य आहे हे खरं. तरी अर्ध्या किलोच्या रिव्हॉल्वरमध्ये नळी उसळते आणि दुसऱ्या गोळीला नेम नव्याने धरावा लागतो.

पण धक्क्याहूनही मोठी अडचण चापाची. घोडा, म्हणजे मागचा छोटा हातोडा, आधी मागे न ओढता थेट चाप दाबायचा, तर बोटाला साधारण पाच किलोंचा जोर लावावा लागतो. पाचशे ग्रॅमची वस्तू हवेत धरायची आणि तिच्यावरच पाच किलो जोर द्यायचा: ती हलणारच. मी शिकवताना रिकाम्या रिव्हॉल्वरच्या नळीवर, माशीच्या (टोकावरच्या नेमाच्या खुंटाच्या) मागे, एक रुपयाचं नाणं ठेवते आणि सांगते, नाणं न पाडता चाप ओढ. पहिल्या दिवशी जवळजवळ सगळ्यांचं नाणं पडतं, धिप्पाड पुरुषांचंही. बारीक हातांच्या मुली तर दुसरं बोटही चापात घालायला बघतात, मनगट वाकडं होतं आणि नळीचं तोंड डावीकडे वळतं. त्यात नळी छोटी, म्हणजे माशी आणि मागची खाच यांच्यातलं अंतर कमी. नेम धरतानाची बारीकशी चूक लक्ष्यावर कितीतरी मोठी होते. छोटं रिव्हॉल्वर हे नवख्या माणसाचं शस्त्र नव्हेच, ते मुरलेल्या हाताचं आहे.

हा समज अमेरिकेतही आहे. तिथे अनेक दशकांपासून पाच गोळ्यांची चिमुकली रिव्हॉल्वरं लपवून बाळगायला खपतात, आणि ‘बाईमाणसाला हेच द्या’ असं दुकानदार सांगत आले. .३८ चं, चारशे-सव्वाचारशे ग्रॅमचं रिव्हॉल्वर झाडल्यावर तळहात चुरचुरतो आणि माणूस सराव टाळू लागतो, हे तिथले शिकवणारेच सांगतात.

“पर्समध्ये ठेवा.” तुमची पर्स आत्ता उलटी करून बघा. किल्ल्या, रुमाल, चार्जरची वायर, केसांच्या पिना, तळाशी बिस्किटांचा चुरा. तो चुरा गोळ्यांच्या फिरत्या चक्रीत जातो आणि पिना चापाभोवतीच्या कडीत. मुख्य म्हणजे हल्लेखोर पहिला हात घालतो तो पर्सलाच.

कायदाही वाचा. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक जागी रिव्हॉल्वर-पिस्तुलासारखं शस्त्र अंगाला लावलेल्या होल्स्टरमध्ये किंवा पाठीवरच्या पिशवीसारख्या साधनात हवं, पूर्ण झाकलेलं हवं आणि बाळगणाऱ्याचा त्यावर ताबा हवा. लोकलमध्ये मांडीवर ठेवलेल्या, हॉटेलात खुर्चीला अडकवलेल्या पर्सवर ताबा कुठे असतो?

“अडकत नाही, बिघडत नाही.” यात तथ्य आहे. काडतूस फुसकं निघालं तर चाप पुन्हा ओढायचा, चक्री फिरून पुढचं काडतूस समोर येतं. पिस्तुलात तसं नसतं. पण याच साधेपणामुळे लोक निर्धास्त होतात. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या मुंबईतल्या घरी त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरमधून गोळी सुटून पायात घुसली. रिव्हॉल्वर कपाटात ठेवताना हातातून निसटल्याच्या बातम्या होत्या. जुन्या बनावटीच्या रिव्हॉल्वरमध्ये घोड्याचं टोक थेट काडतुसावर टेकतं, म्हणून चक्रीतलं घोड्याखालचं घर रिकामं ठेवायची जुनी शिस्त आहे. ती पाळली की सहाची पाच होतात, हे विकत घेतानाच धरून चालावं.

“परवाना लगेच मिळतो.” नाही. एकवीस वर्षं पूर्ण लागतात. अर्ज शहरात पोलीस आयुक्तांकडे, इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे. मग पोलिसांचा अहवाल, गरज दाखवणं, हाताळणीचं प्रशिक्षण. वर्षाला किती काडतुसं घेता येतील तेही परवान्यावर लिहिलेलं असतं, त्यामुळे सराव तुटपुंजा. निवडणूक आली की शस्त्र ठाण्यात जमा करायची नोटीस येऊ शकते.

“नुसतं दाखवलं तरी पुरे.” सार्वजनिक जागी शस्त्र परजायला त्याच शस्त्र नियमांत स्पष्ट मनाई आहे. शिवाय जी मुलगी चालवणार नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसतं, तिच्या हातातून ते काढून घ्यायला हातभर अंतरावरच्या माणसाला कितीसा वेळ लागतो?

“सगळं माफ.” भारतीय न्याय संहितेच्या कलम ३८ प्रमाणे मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती, बलात्काराच्या किंवा अपहरणाच्या हेतूने हल्ला, ॲसिडहल्ला अशा प्रसंगी हल्लेखोराचा जीव गेला तरी तो बचावाचा हक्क ठरतो. हा हक्क भक्कम आहे आणि प्रत्येक मुलीला तो माहीत असावा. पण कलम ३७ त्याला मर्यादा घालतं: गरजेपेक्षा जास्त इजा नको. पळत सुटलेल्याच्या पाठीत गोळी मारली तर उत्तर द्यावं लागेल. चौकशी तर प्रत्येक गोळीची होते.

ज्यांना खरोखर धोका आहे आणि परवाना मिळालाय, त्यांनी वजन कमी बघू नये. २०२३ मध्ये कानपूरहूनच आलेलं ‘प्रबल’ सुमारे ७०० ग्रॅमचं आहे, .३२ चंच, वरचे दोनशे ग्रॅम हाताच्या बाजूने काम करतात. मूठ तळहातभर भरली पाहिजे, करंगळी हवेत लोंबता कामा नये. मनगट सरळ ठेवून बोटाचं पहिलं पेर चापावर पोचतंय का ते बघा. दुकानात सगळी घरं रिकामी असल्याची स्वतः खात्री करून, विचारून, वीस वेळा चाप ओढा. विसाव्या वेळी हात थरथरला तर ते तुमचं नव्हे. होल्स्टर चापाची कडी पूर्ण झाकणारं हवं.

दादा, मनूला एकवीस पूर्ण व्हायला अजून अकरा महिने आहेत. तोवर तिला रविवारी सकाळी सातला माझ्याकडे पाठव, एअर पिस्तुलावर सुरुवात करू. तिच्या पर्ससाठी आत्ता मिरीचा स्प्रे घे, त्याला परवाना लागत नाही. आणि तो पर्सच्या तळाशी नको, बाहेरच्या कप्प्यात.