दहा टक्के फॅट आणि बाकीची हवा

एप्रिल उजाडला की आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो फिरायला लागतो. आइस्क्रीमच्या डब्याची मागची बाजू, 'फ्रोझन डेझर्ट' (म्हणजे दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल घातलेलं) या शब्दांभोवती लाल वर्तुळ, आणि खाली 'हे आपण पोरांना खायला घालतो!' मग ठरलेले दोन तट पडतात. एक म्हणतो, पामतेलाने कुणी मेलं नाही. दुसरा २०१७ सालचा खटला उकरून काढतो. अमूलने जाहिरातीत फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पती तूप असतं असं दाखवलं, तेव्हा क्वालिटी वॉल्स विकणारी हिंदुस्थान युनिलिव्हर मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयाने त्या जाहिराती थांबवायला लावल्या. भांडून दमले की सगळे माझ्याकडे वळतात. "तुमच्याकडे अमेरिकेत असलं चालत नाही ना रे?"

चालतं की. इथल्या कायद्यानुसार साध्या आइस्क्रीममध्ये दुधाचं फॅट किमान १० टक्के हवं. भारतातही तेवढंच हवं. इथे एका गॅलनचं वजन निदान साडेचार पौंड भरलं पाहिजे, म्हणजे लिटरमागे ५४० ग्रॅमच्या आसपास. आपल्याकडे लिटरमागे ५२५ ग्रॅम. वनस्पती तेलाच्या प्रकाराला इथे 'मेलोरिन' असं वेगळं नाव आहे. ब्रेयर्स हा १८६६ पासूनचा फिलाडेल्फियाचा ब्रँड, पुढे युनिलिव्हरकडे गेलेला. त्याच्या कित्येक फ्लेवरच्या डब्यांवर आइस्क्रीम हा शब्दच नाही, 'फ्रोझन डेअरी डेझर्ट' आहे, कारण ते आइस्क्रीमच्या नियमांत बसत नाही. दोन्ही देशांत हे सगळं वजनावर नव्हे, लिटर-गॅलनसारख्या मापात विकतात आणि अर्ध्याच्या जवळपास हवा भरली तरी कायद्याची हरकत नाही. विश्वास बसत नसेल तर घरातला डबा काट्यावर ठेवून बघा.

तेव्हा 'तिकडे कायदे कडक म्हणून आइस्क्रीम चांगलं' हे डोक्यातून काढून टाका. सुपरमार्केटमधलं बहुतेक आइस्क्रीम इथेही जेमतेमच असतं. चांगलं खायचं तर गाडी काढून गावोगाव फिरावं लागतं, आणि ते मात्र इथली माणसं आवडीने करतात.

आम्ही ओहायोत राहतो. इथून सिनसिनाटीला जाणारा मराठी माणूस नदी बघेल न बघेल, ग्रेटर्समध्ये मात्र जातोच. १८७० पासूनचं घराणं. ज्याला ते फ्रेंच पॉट म्हणतात त्या गोल फिरणाऱ्या भांड्यात थोडं थोडं मिश्रण गोठवतात, आणि कडेला धरलेला थर पात्याने खरवडत राहतात. हवा फारच कमी शिरते. मग वरून पातळ चॉकलेट ओततात. ते थंडीने कडक झालं की उलथन्याने फोडतात, म्हणून काळ्या रासबेरीच्या त्या जांभळट आइस्क्रीममध्ये चॉकलेटची चांगली लांबरुंद ढेकळं सापडतात. जेमतेम अर्ध्या लिटरचा डबा हातात घेतला की जड लागतो. आईने तो हातात तोलला आणि म्हणाली, "हे तर आपलं पॉटचं." लाकडी बादली, बर्फ, खडेमीठ, आणि पाळीपाळीने हँडल फिरवून दुखणारे दंड. तंत्र तेच, इथे फक्त मोटर आहे.

सेंट लुईसला जुन्या रूट ६६ वर टेड ड्रूजचं दुकान आहे. तिथे मिळतं ते फ्रोझन कस्टर्ड, म्हणजे अंड्याचा बलक घातलेलं. (एकादशीवाल्यांनी लक्षात ठेवावं.) त्यांचा 'काँक्रीट' नावाचा शेक इतका घट्ट असतो की खिडकीतला पोरगा पेला तुमच्यासमोर उलटा धरून दाखवतो आणि मगच हातात देतो. या माणसांनी देशभर फ्रँचायझी वाटल्या नाहीत. डिसेंबरात त्याच आवारात ख्रिसमसची झाडं विकतात आणि पुढे कडाक्याच्या थंडीत काही आठवडे सरळ कुलूप लावतात. पेनसिल्व्हेनियात पेन स्टेट विद्यापीठाची स्वतःची क्रीमरी आहे. आइस्क्रीम कसं करावं याचा अभ्यासक्रम तिथे १८९२ पासून चालू आहे. एका कोनमध्ये दोन फ्लेवर मागितले तर नाही म्हणतात. आमच्या धाकटीने हुज्जत घालून पाहिली. व्यर्थ.

सगळंच असं सोन्यासारखं नाही. रस्त्याच्या कडेला 'होममेड' अशी पाटी दिसली की भुलू नये. यातली बरीच दुकानं दूध तापवण्यापासून सगळं स्वतः करत नाहीत. एखाद्या डेअरीकडून पाश्चराइज केलेलं तयार मिक्स पिशव्यांतून येतं, दुकानदार त्यात फळ, फ्लेवर घालून मशीनमध्ये फिरवतो. पूर्वी मला ही फसवणूक वाटायची. आता वाटत नाही. पाश्चरायझेशनचा प्लांट आणि त्याचा परवाना गल्लीतल्या दुकानाला कुठून परवडणार? दुधाची काळजी डेअरीने घेतली की दुकानदार मोकळा होतो. हवा किती ठेवायची, फळ कुठलं घालायचं हे तो ठरवतो. त्यातूनच ओरेगनमध्ये मेरियनबेरी, व्हरमाँटमध्ये मेपलची क्रीमी (मशीनमधून सोडलेलं मऊ आइस्क्रीम), न्यू इंग्लंडात ग्रेप-नट्स नावाचं सीरियल घातलेलं आइस्क्रीम मिळतं. एका स्कूपला पाच-सहा डॉलर सहज जातात, पण लोक देतात.

आपल्याकडे हे नाही असं कोण म्हणेल? पुण्याची मस्तानी, कोल्हापूरचं कॉकटेल, चर्चगेटला के. रुस्तमचं दोन वेफरमधलं चौकोनी आइस्क्रीम, भेंडीबाजारच्या बाजूला ताजचं हाताने फिरवलेलं, खाली मंगळूरला उतरलं की 'गडबड' नावाचं आइस्क्रीम. नॅचरल्ससुद्धा १९८४ मध्ये जुहूतलं एक छोटं दुकानच होतं. पण सुट्टीत येतो तेव्हा बघतो, एक्स्प्रेसवेवरून गाडी निघाली की थांबायचं ते फूड मॉललाच. तिथे आणि पुढच्या प्रत्येक टपरीवर कंपनीने दिलेला तोच फ्रीजर, त्यात त्याच कंपनीचा माल. वीज गेली-आली की आतलं आइस्क्रीम विरघळतं, परत गोठतं आणि दाताखाली बर्फ कचकचतो. साताऱ्यात, कराडात आत वळून स्थानिक दुकान शोधू म्हटलं तर भाऊ म्हणतो, "दादा, उगाच पोट बिघडेल." हाच भाऊ ग्रुपवर लाल वर्तुळं काढत असतो.

डब्यावर काय छापलंय हे वाचावं, त्याला माझी ना नाही. वनस्पती तेलाला आइस्क्रीम म्हणून खपवू नये हेही बरोबर. पण या वादात दोन्ही बाजूंना उभ्या असतात त्या बड्या कंपन्याच. गावातला आइस्क्रीमवाला त्यात कुठेच नसतो, आणि त्याचं दुखणं लेबलाचं नाहीच. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा छोट्या उद्योगांसाठी कंपोझिशन योजना ठेवली. कमी दराने कर भरा, कागदपत्रं थोडी. त्यातून आइस्क्रीम बनवणाऱ्यांना वगळलं, पानमसाला आणि तंबाखूवाल्यांच्या पंगतीत बसवून! २०२१ मध्ये पार्लरवाल्यांना सांगण्यात आलं की तुम्ही तयार माल विकता, म्हणजे तुम्ही हॉटेल नव्हे, हॉटेलचा कमी दर तुम्हाला नाही, १८ टक्के भरा. सप्टेंबर २०२५ मध्ये आइस्क्रीमवरचा दर १८ वरून ५ वर आला तेव्हा ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी पडले. मीही एक टाकला. पण कंपोझिशनबद्दल आमच्या ग्रुपवर आजतागायत एक ओळ कुणी लिहिलेली नाही.

भावाची पोटाची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. कच्चं दूध, टाकीचं पाणी, दोन-दोन तास वीज नाही, हे खरंच आहे. त्याला उपाय इथल्या त्या पिशव्यांत दिसतो. महाराष्ट्रात गोकुळ आहे, वारणा आहे, कात्रज आहे; दूध थंड ठेवून गावोगाव पोचवायची सवय त्यांना आहे. पाश्चराइज केलेलं, दहा-बारा टक्के फॅटचं आइस्क्रीम मिक्स त्यांनी पाच-दहा लिटरच्या पिशवीत तालुक्याच्या दुकानदाराला रोज द्यावं. सासवडच्याने त्यात सीताफळ घालावं, घोलवडच्याने चिकू. भाव कंपनीच्या कोनपेक्षा चढा असेल. तो द्यायची आपली तयारी आहे का, यावर ग्रुपवर एकदा भांडायला मी तयार आहे.