विसण विसरलेली अंघोळ

आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर दर थंडीत एक मेसेज उगवतो. यंदा मावशीने टाकला, वर तीन फुलं आणि खाली जोडलेले हात. ‘आजीची अंघोळ’ असं त्याचं नाव. म्हणणं थोडक्यात असं, की पूर्वी बाळाला कढत पाण्याने रगडून न्हाऊ घालत, म्हणून माणसं ऐंशीव्या वर्षीही ताठ चालत. आजच्या आया टबात दोन मग कोमट पाणी ओततात, म्हणून बाळं सर्दी-खोकल्याने बेजार. मग सूचना: हाडं घट्ट करणारं पाणी, डोक्या-नाकाला आकार, कानानाकात तेल, पिठाने लव काढणं, शेवटी धुरी. आणि ठळक अक्षरांत, ‘बाळ रडलं तरी थांबू नका, फुफ्फुसं मोकळी होतात.’

ग्रुपवर मी गप्प बसले. मावशीशी चारचौघांत वाद घालणं मला या जन्मात जमायचं नाही. पण नुकतीच बाळंत झालेली आतेबहीण आहे, तिने वेगळा मेसेज केला, ‘ताई, हे खरं का गं?’ तिला लिहिता लिहिता उत्तर लांबलं, ते हे.

आधी ते ऐंशीव्या वर्षी ताठ चालणाऱ्यांचं. जे जगले तेच ऐंशीचे झाले ना? 1971 साली आपल्या देशात दर हजार जन्मांमागे 129 बाळं वर्षाच्या आत दगावत होती. 2020 मध्ये हा आकडा 28 वर आला. लसी, दवाखान्यातली बाळंतपणं, स्वच्छ पाणी अशी त्याची कारणं बरीच आहेत. पण त्या जुन्या काळातल्या बाळांचा दणकटपणा सांगताना न जगलेल्यांची मोजदाद कुणी करत नाही. माझ्या आजीची स्वतःची दोन गेली होती, आणि तिनेच त्यांना रोज न्हाऊ घातलं होतं.

आता कढत पाणी. मोठ्या लेकीच्या वेळी मी साताऱ्याला माहेरी होते. न्हाऊ घालायला बाई यायच्या. हात सरावलेला, बोलणं गोड. न्हाणीत पाटावर बसून पाय लांब करायच्या, पायांवर बाळ पालथं घ्यायच्या आणि बादलीतलं पाणी तांब्याने ओतायच्या. आजी बाहेर खुर्चीवर बसून रोज एकच प्रश्न विचारायची, ‘बाई, विसण घातलंत का?’ विसण म्हणजे कढत पाण्यात मिसळायचं गार पाणी. एक दिवस बाईंना पुढच्या घरी जायची घाई होती. पहिलाच तांब्या पडला आणि लेक अशी किंचाळली की आजी भिंत धरत धरत आत आली. तिने बादलीत कोपर बुडवलं आणि एक शब्द न बोलता गार पाण्याची कळशी त्यात उपडी केली. लेकीच्या मांड्या आणि पाठ लालबुंद झाली होती. फोड आले नाहीत हे नशीब. संध्याकाळपर्यंत तिला कपड्याचा स्पर्शही सोसवत नव्हता.

ज्या भाषेत गार पाणी मिसळण्याला वेगळा शब्द आहे, त्या भाषेतल्या आज्या बाळांना कढत पाण्याने शेकत होत्या, हे मला पटत नाही. काही शेकत असतील. माझी तरी नाही.

आणि पाण्याची ऊब हाडापर्यंत पोचून हाड घट्ट करते, असं काही शरीरात घडत नाही. हाडाला कॅल्शियम लागतं आणि ते पचवायला ‘ड’ जीवनसत्त्व. म्हणून तर बालरोगतज्ज्ञ पहिलं वर्षभर रोज 400 युनिट ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब द्यायला सांगतात. कढत पाण्याने होतं ते एवढंच, की कातडीवरचं नैसर्गिक तेल निघून जातं. बाळाची कातडी आपल्यापेक्षा पातळ, त्यामुळे ती लवकर कोरडी पडते आणि लवकर भाजते. गिझरचं पाणी 60 अंशांवर असेल तर लहान मुलाला खोलवर भाजायला काही सेकंद पुरतात. अंघोळीचं पाणी 37-38 अंश असावं, म्हणजे आपल्या अंगाएवढंच ऊबदार. थर्मामीटर नसेल तर मनगटाची आतली बाजू किंवा कोपर. तळहातावर विसंबू नये, आपले तळहात चहाच्या कपांना सरावलेले असतात.

आजीचा क्रम मात्र मी एका बाबतीत उलटा केलाय. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. रांगतं मूल घरात असलं की कढत पाण्याची उघडी बादली दोन मिनिटंसुद्धा जमिनीवर ठेवायची नाही. आणि अंघोळीनंतर बादली रिकामीच करायची. वर्षा-दीड वर्षाचं मूल बादलीत डोकावताना डोक्याच्या भाराने आत पडतं आणि त्याला बाहेर येता येत नाही. चार बोटं पाणी पुरतं त्याला. त्यावर कुणी मेसेज का फिरवत नाही कोण जाणे. तीच गत गॅस गिझरची. थंडीत दार-खिडकी गच्च लावून मुलाला आत अंघोळ घालायची आणि गिझर न्हाणीतच पेटलेला. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. गॅस गिझर न्हाणीच्या बाहेरच हवा.

‘डोकं गोल करा, नाक चिमटीत धरून ओढा.’ बाळंतवाटेतून येताना डोकं लांबुळकं होतं, कारण कवटीची हाडं एकमेकांवर सरकतात. काही दिवसांत ती आपोआप जागेवर येतात. श्रेय मात्र चोळणारीला मिळतं. नाक आई-बापाकडून येतं, चिमटीतून नाही. टाळू भरायला बोटभर तेल हळुवार लावलं तर बिघडत काही नाही, पण टाळू बुजते ती हाडं वाढल्यामुळे, साधारण दीड वर्षापर्यंत. तिथे दाबायचं नाही, एवढं पाळा.

कानानाकातलं तेल? नाही. नाकात घातलेलं तेल श्वासाबरोबर फुफ्फुसात उतरतं, आणि तेलामुळे होणारा न्यूमोनिया हा डॉक्टरांना चांगला ठाऊक असलेला आजार आहे. बेंबीतही नाही. नाळ पडेपर्यंत ती जागा कोरडी ठेवायची आणि बाळाला ओल्या मऊ फडक्याने पुसून घ्यायचं, तेवढीच अंघोळ. मेसेजमध्ये आणखी एक सूचना आहे, ती वाचून मात्र माझा संताप झाला: बाळाची छाती पिळून ‘चीक’ काढा. नवजात बाळाची, मुलगा असो की मुलगी, छाती थोडी सुजलेली असते, कधी थेंबभर दूधही येतं. हा आईच्या संप्रेरकांचा परिणाम असतो आणि काही आठवड्यांत तो ओसरतो. पिळलं तर जंतू आत जातात, गळू होतं, आणि एवढ्याशा जिवाला चिरा द्यायची वेळ येते.

पिठाचं प्रकरण जरा नाजूक आहे, कारण डाळीचं पीठ आणि साय ही आपल्याकडची मायेची जोडी. अंगावरची लव जावी म्हणून कणकेचा गोळा फिरवतात. ती लव काही आठवड्यांत किंवा महिन्यांत गळतेच, तुम्ही गोळा फिरवा नाहीतर फिरवू नका. पीठ खरखरीत असतं, मानेच्या आणि जांघेच्या वळ्यांत अडकून राहतं आणि तिथे चट्टे उठतात. शिवाय खाण्याचा पदार्थ सोललेल्या कातडीवाटे अंगात गेला तर पुढे त्याच पदार्थाची ॲलर्जी होऊ शकते. जपानमध्ये गव्हाचं प्रथिन घातलेला चेहऱ्याचा एक साबण निघाला होता. तो वापरणाऱ्या दोन हजारांहून जास्त लोकांना पुढे पोळी-पावाचीच ॲलर्जी झाली. ती मोठी माणसं होती आणि साबणातलं प्रथिन प्रक्रिया केलेलं होतं, हे खरं. पण ज्या बाळाची कातडी आधीच कोरडी, खाजरी आहे, त्याच्यावर पीठ घासू नये एवढं त्यातून मी घेतलं.

मेसेजमधल्या ‘साबण म्हणजे विष’ यात मात्र थोडं तथ्य आहे. कातडी किंचित आम्लधर्मी असते, साध्या वडीचा साबण अल्कधर्मी. पहिल्या काही महिन्यांत नुसतं पाणी पुरतं, साबण लावायचाच तर सौम्य आणि तोही शी-शूच्या जागी, मानेच्या वळीत. रोज अंघोळ हवीच असंही नाही. पहिल्या वर्षात आठवड्यातून तीनदा पुरते. नागपूरच्या मे महिन्यात हे कुणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये.

तेलमालिशीला माझा विरोध नाही, उलट. मुंबईच्या शीव रुग्णालयात 2005 च्या सुमारास नवजात बाळांवर अभ्यास झाला. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या ज्या बाळांना खोबरेल तेलाने हलकी मालिश केली, त्यांचं वजन खनिज तेलाच्या मालिशीपेक्षा चांगलं वाढलं. म्हणजे आजीची तेलाची वाटी खरीच. मोहरीचं तेल मात्र कातडीला झोंबतं, ते नको.

धुरीचं काय सांगू. शेगडीवर ओवा, वावडिंग टाकलं की घर बाळंतिणीचं वाटतं, तो वास मलाही प्रिय. पण बाळाच्या फुफ्फुसांना ओव्याचा धूर आणि चुलीचा धूर यांतला फरक कळत नाही. सर्दी-खोकल्याने बेजार बाळांची तक्रार करणाऱ्या मेसेजमध्येच धूर घ्यायला सांगावा, ही कमाल आहे. पावडरीचंही तेच, वेखंडाची असो की डब्यातली. हवेत उडते आणि श्वासात जाते.

आणि रडणं. माझं खरं भांडण इथे आहे. फुफ्फुसं जन्मानंतरच्या पहिल्या काही श्वासांतच उघडतात, त्यांना रोज अकरा वाजता व्यायाम लागत नाही. बाळ रडतं कारण त्याला गार वाजतं, भूक असते, किंवा एकदम पालथं केल्यावर आपण पडतोय असं वाटून ते दचकतं, हात फाकवतं. ‘असं रडून मग चार तास झोपतं,’ असंही मेसेज म्हणतो. झोपतंच, दमून झोपतं. पण नवजात बाळाला दर दोन-तीन तासांनी दूध लागतं, चार तासांची गुंगी ही काही शाबासकी नव्हे.

धाकट्याच्या वेळी आम्ही वेगळं केलं. जन्मल्यावर पूर्ण एक दिवस अंघोळच नाही, जागतिक आरोग्य संघटनाही निदान 24 तास थांबायला सांगते. बाळ गारठत नाही, अंगावरचा पांढरा लेप कातडीचं रक्षण करतो. नाळ पडल्यावर आईच्या जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यात त्याला गुंडाळायचं आणि गुंडाळलेलंच टबात उतरवायचं. मग एकेक हात बाहेर काढायचा, धुवायचा, परत आत. मग पाय. मान माझ्या मनगटावर. पहिल्याच दिवशी तो रडला नाही, नुसता कपाळाला आठ्या घालून छताकडे बघत राहिला, जणू कुणी त्याच्याकडे हिशेब मागितलाय. पाच-सात मिनिटांत आटोपायचं. खोली आधीच उबदार, पंखा बंद, दुपटं उघडून ठेवलेलं, म्हणजे मध्येच बाळाला सोडून उठायला नको.

लेक दोन वर्षांची झाल्यावर डोक्यावरून पाणी म्हटलं की पळायची. त्याला उपाय सापडला तो पालीमुळे. न्हाणीच्या छतावर पाल असायची. ‘पाल कुठंय बघ’ म्हटलं की मान आपोआप मागे, आणि पाणी डोळ्यांत न जाता पाठीवरून खाली. पाल नसली तर कपाळावर घडी घातलेला रुमाल. रात्री झोपायच्या आधी कोमट अंघोळ, हलकी मालिश, मग दिवे मंद, या क्रमाने लहान मुलं लवकर आणि शांत झोपतात, असं 2009 मधल्या 405 मायलेकरांच्या एका अभ्यासात दिसलं होतं. पैसा बाळांचे साबण विकणाऱ्या कंपनीचा होता, हे विसरू नये. आमच्या घरी साबणाशिवायही जमलं.

‘मग बाईंना नको म्हणू का?’ असं बहिणीने शेवटी विचारलं. छे, मुळीच नाही. रात्रभर जागलेल्या बाळंतिणीला सकाळी कुणीतरी बाळ हातातून घेणारं लागतंच, आणि तुझी पाठ चोळून देईल असं दुसरं कोण आहे? फक्त पाणी तू बघ. स्वतः कोपर बुडव, मग तांब्या त्यांच्या हातात दे. बाळ कळवळून रडलं की उचलून घ्यायचं, हे पहिल्याच दिवशी सांग. धुरीला नाही म्हटलंस तर दोन दिवस रुसतील, चहा चांगला आलं घालून दे.